रडण्याची मुभा
(संकटातल्या घरांसाठी निवडलेल्या शास्त्रपाठांची प्रस्तावना)

ख्रिस्ती घरात मृत्यू झाला की तासाभरात काही वाक्यं कानावर येऊ लागतात. ज्याने दिलं त्यानेच नेलं. रडू नका, ते प्रभूजवळ गेले. यातही देवाचं काहीतरी चांगलंच असेल. दुखणं लांबलेलं असेल तर, विश्वास धरा, सगळं ठीक होईल. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. काय बोलावं ते सुचत नाही आणि गप्प बसणंही बरं दिसत नाही, म्हणून जिभेवर असेल ते वाक्य बाहेर पडतं. पण ज्याचं माणूस गेलं आहे त्याच्या रडण्यावर त्या वाक्याने झाकण बसतं. पुढे कित्येक महिने तो रविवारी उपासनेला येतो, गीतं म्हणतो, पाळकसाहेबांनी विचारलं की ‘प्रभूची कृपा’ म्हणतो, आणि आतून कोरडा होत जातो.

यातलं पहिलं वाक्य आपण ईयोबाकडून उचललं आहे. मुलं, गुरंढोरं, सगळं गेल्यावर पहिल्या अध्यायात तो त्याच अर्थाचं बोलतो. ते बोलणं मनापासूनचं आहे, थोर आहे. मात्र ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे पानंच्या पानं देवाशी भांडतो. सांत्वनाला आलेले त्याचे तिघे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात, तोवर त्यांचं सगळं बरोबर असतं. तोंड उघडल्यावर बिघडतं. ते देवाची वकिली करू लागतात, हिशेब मांडतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार असं आडून आडून आणि मग उघडच सुचवतात. अखेर देव बोलतो तेव्हा त्याचा राग या वकिलांवर असतो. आपल्याविषयी नीट बोलला तो ईयोब, हे तिघे नव्हेत, असा तो निवाडा देतो. आपण मात्र पहिला अध्याय पाठ केला आणि बाकीचे एकेचाळीस मिटून ठेवले.

या संग्रहाचं काम हाती घेतलं तेव्हा धीर देणारी वचनं एकत्र करावीत एवढीच कल्पना होती. तशा पुस्तिका मराठीत पुष्कळ आहेत, चांगल्याही आहेत. पण दुखणेकऱ्यांच्या उशाशी आणि मातीच्या दिवशी घरात बसून वाचताना जे लक्षात आलं त्याने निवडीची दिशाच बदलली. धीराची वचनं ऐकण्याआधी माणसाला स्वतः काहीतरी बोलायचं असतं, आणि ते देवासमोर बोलायची मुभा आहे की नाही याची त्याला खात्री नसते. शास्त्राने ती मुभा कधीच दिली आहे. ज्याला ती मिळत नाही त्याला ख्रिस्ती आशाही नीट मिळत नाही, असं माझं मत झालं आहे. या प्रस्तावनेत ते मांडायचं आहे.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला. काही महिन्यांनी त्यांच्या घरी प्रार्थनेला बसलो असताना ८८ वं स्तोत्र वाचलं. हे स्तोत्र मंडळीत फारसं वाचलं जात नाही. त्यात रात्रंदिवस धावा करणारा एक माणूस आहे. देवाने आपल्याला खड्ड्यात टाकलं, जिवलगांना आपल्यापासून दूर केलं, असं तो देवालाच सांगतो, आणि शेवटी काहीही न सुटता स्तोत्र अंधारात संपतं. वाचून झाल्यावर बाई बराच वेळ माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे बायबलात आहे? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?” त्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं, चष्मा लावला आणि ते पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, मध्ये मध्ये थांबत. त्या दिवशी त्या पहिल्यांदा मुलाविषयी बोलल्या. त्याच्या गाडीच्या किल्ल्या अजून फ्रिजवर तशाच आहेत, तिथून त्या कुणाला हलवू देत नाहीत, असं काय काय.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला फार मोठा भाग असा विलापाचा आहे. किती दिवस विसरणार, तोंड का लपवलंस, झोपलास का, असे सवाल त्यात वारंवार येतात. आपली गीतं निवडताना आपण स्तुतीची आणि उपकारस्मरणाची स्तोत्रं उचलली आणि ही बाजूला ठेवली. इस्राएल लोकांनी मात्र ती उपासनेतच गायली. तक्रार ही त्यांच्या लेखी प्रार्थनाच होती, कारण तिच्यात देवाकडे पाठ फिरवलेली नव्हती. ज्याचा देवावरचा विश्वास उडाला तो तक्रार करत नाही, तो बोलणंच सोडतो.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं तेव्हा चौथा उद्गार कुणी घ्यायचा यावर दरवर्षी थोडी चुळबुळ होते. बाकीच्या सहांत क्षमा आहे, आईची काळजी आहे, नंदनवनाचं वचन आहे. चौथ्यात प्रभू येशू २२ व्या स्तोत्राच्या आरंभाचे शब्द घेऊन, देवाने आपल्याला का टाकलं, असं ओरडून विचारतो. उपदेशक अनेकदा घाईने पुढे जातात आणि त्याच स्तोत्राचा शेवट विजयाचा आहे हे सांगून टाकतात. शेवट तसा आहे, खरं आहे. पण वधस्तंभावरून त्याने हाक मारली ती आरंभाच्या शब्दांनी. देवाचा पुत्रच जिथे असं विचारतो तिथे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याने, केमोच्या तिसऱ्या फेरीला उभ्या राहिलेल्या आईने तेच विचारलं तर त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायला आपली जीभ उचलते तरी कशी?

या संग्रहात विलापगीत हे पुस्तक पूर्ण घेतलं आहे. त्यावरून थोडी चर्चा झाली, कारण एवढं रडणं एका दमात कोण वाचणार असा प्रश्न होता. माझा आग्रह त्याच्या रचनेमुळे होता. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, ते इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी. त्या राखेत बसून लिहिलेली ही पाच कवनं. पहिल्या चारांची रचना हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने आहे. त्या वर्णमालेत २२ अक्षरं, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस बावीस वचनं. तिसऱ्यात दर अक्षराला तीन, म्हणून ६६. पाचव्यातही वचनं बावीसच, पण वर्णक्रम सुटलेला आहे. रस्त्यावर मुलं भुकेने पडताहेत, आयांची शुद्ध हरपली आहे, आणि हा कवी एकेक अक्षर घेऊन दुःख मांडतो आहे. मला यात फार मोठी माया दिसते. ज्याचं सगळं विस्कटलं त्याला धरायला एक क्रम दिला आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत काहीही वगळायचं नाही, पण एका वेळी एकच अक्षर.

आणि देवाची दया दर सकाळी नवी असते हे जे आपण कॅलेंडरांवर छापतो, ते याच पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, साधारण मधोमध आहे. ते वचन शेवटी आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. ते मध्ये येतं आणि त्यानंतर रडणं पुन्हा सुरू होतं, आणखी दोन अध्याय चालतं, आणि पुस्तकाचा शेवट तर एका धास्तीवर होतो, देवाने आपल्याला कायमचं तर टाकलं नाही ना, या. शोकात असलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटतो. एखाद्या सकाळी त्याला बरं वाटतं, देव जवळ वाटतो, संध्याकाळी पुन्हा सगळं कोसळतं, आणि सकाळचं ते खोटं होतं की काय अशी त्याला शंका येते. ते खोटं नसतं.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या विषयावर बोलायचा अधिकार कुणाचा असेल तर तो पंडिता रमाबाईंचा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत दक्षिणेत फिरणाऱ्या त्यांच्या कुटुंबाजवळचं सगळं संपलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. अखेर दोघे ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या स्वतः रमाबाई. त्यांची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचा आपला भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान काही मैल दूर होतं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, अगदी साध्या शब्दांत. पुढे १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, लग्नाला दोन वर्षं पुरी होण्याआधी. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. एखाद्या साक्षीत गोष्ट इथेच संपली असती. रमाबाई तशी संपवत नाहीत. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं मनाला हवी ती शांती मिळाली नव्हती, ती १८९१ च्या सुमारास लाभली, असं त्या प्रामाणिकपणे सांगतात. लक्ष्मीबाई टिळकांचीही वाट अशीच लांबची. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला पुढे पाच वर्षं गेली. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना त्या वर्षांतला त्यांचा आकांत कुठेही लपवलेला दिसत नाही. ज्यांना प्रार्थना करूनही लगेच काही मिळत नाही त्यांच्यासाठी या दोघी फार जवळच्या सोबती आहेत.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयानक दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नव्हतं, आणि आपल्या लहानपणीच्या आठवणींनीच आपल्याला तिकडे ओढलं हे त्यांनी नोंदवलं आहे. शेकडो मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं, आणि मुक्ती ही त्यांची आश्रयसंस्था तिथे उभी राहिली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल सांगतो की आपल्या संकटात देव सांत्वन करतो ते, कोणत्याही संकटात पडलेल्यांचं सांत्वन आपल्याला करता यावं म्हणून. हे वचन आपण सांत्वनपर उपासनेत वाचतो. केडगावला त्याच्या भिंती उभ्या आहेत. अखेरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या आणि मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत होत्या. ऐकू येणं फार कमी झालं होतं. १९२१ साली मनोरमाही गेली. भाषांतराचं काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या.

ही हकिगत लिहिताना मला एक भीती वाटते. थोरांच्या गोष्टी सांगून दुःखी माणसाला लाजवायची आपल्याला सवय आहे. त्यांनी एवढं सोसलं, तुझं काय एवढं मोठं, असा त्या सांगण्याचा सूर असतो. रमाबाईंची गोष्ट त्यासाठी वापरू नये अशी हात जोडून विनंती. त्यांचं डोक्यावरचं ओझं पाहून स्वतःचं हलकं झालं पाहिजे असं मुळीच नाही.

एलीयाचा पाठ या संग्रहात लवकर घेतला आहे, तो एका व्यवहारी कारणासाठी. राजांच्या पहिल्या पुस्तकात १९ व्या अध्यायात हा एवढा मोठा संदेष्टा जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता मरण दे म्हणतो. मग झोपतो. देवदूत येऊन त्याला हात लावून उठवतो आणि खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा जेवायलाच उठवतो. देवाचं बोलणं होतं ते पुढे, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. आमच्याकडे मातीच्या दिवशी घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या बाया पिठलं-भाकरी, खिचडी, चहाचा थर्मास घेऊन येतात आणि समोर बसून दोन घास खायला लावतात. त्या स्वयंपाकघरातून त्या दिवशी कुणी साक्ष द्यायला उभं राहत नाही. पण सांत्वनाचं पहिलं काम त्याच करत असतात, आणि शास्त्राचा आधार त्यांच्याच बाजूने आहे.

ज्यांचं मन महिनोन्‌महिने काळवंडलेलं आहे, झोप लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, त्यांनी या पाठांबरोबर डॉक्टरांकडे जावं आणि दिलेली गोळी घ्यावी. औषध घेणं म्हणजे विश्वासात उणं पडणं, ही शिकवण आपल्या काही सभांतून फोफावली आहे आणि तिने माणसांचा घात केला आहे. ज्या लूकाने शुभवर्तमान लिहिलं असं मंडळी मानत आली, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणून ओळखतो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल उपाय सुचवतो. एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारात गेला तेव्हा तो वाचला नसता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल फिलिप्पैकरांना मोकळेपणाने लिहितो. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, निरोपानिरोपीत, एक बारीकशी ओळ आहे, जिच्याकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं: त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेतात मागे ठेवलं. ज्याच्या हातून इतके लोक बरे झाले त्या प्रेषिताचा स्वतःचा सोबती बरा झाला नाही. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौल म्हणत नाही. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटाही तीनदा विनवूनही निघाला नव्हता.

मग आशा कशाची? बरं वाटेल याची आशा धरायला ख्रिस्ती व्हावं लागत नाही. ख्रिस्ती आशा एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे: मेलेला येशू देवाने उठवला. ती गोष्ट खरी नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हे पौलानेच सांगून टाकलं आहे, त्यामुळे इथे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. मी ती खरी मानतो. हा संग्रह करणारे सगळेच मानतात. आणि त्या उठलेल्या देहावर खिळ्यांचे वण तसेच होते, ते थोमाला दाखवले गेले, ही गोष्ट मला फार धीर देते. जे सोसलं ते पुसून टाकलेलं नाही. लाजाराच्या कबरेपाशीही हेच दिसतं. काही क्षणांत त्याला बाहेर बोलवायचं आहे हे ठाऊक असूनही येशू आधी रडला. पुढे काय होणार हे माहीत असणाऱ्यालाही रडणं टाळावंसं वाटलं नाही. थेस्सलनीकाकरांना पौल, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं सांगतो; त्यात शोकाला बंदी नाही.

अम्माऊसच्या वाटेवरचा पाठ सगळ्यांत लांब टिपणासह दिला आहे. यरुशलेमपासून दहा-अकरा किलोमीटरचं ते गाव. दोघे जण मान खाली घालून चालले आहेत, कारण ज्याच्यावर सगळी आशा होती तो मारला गेला. येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि ते त्याला ओळखत नाहीत. तो काय विचारतो, तर कसल्या गोष्टी चालल्या आहेत? त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो त्यांना सगळं सांगू देतो, पहिल्यापासून, त्यांच्या निराशेसकट. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतरचं आहे, आणि ओळख पटते ती जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. भेटीला जाणाऱ्या वडीलमंडळींनी हा क्रम मनात धरावा असं फार वाटतं. आधी विचारा, मग ऐका, बोलायचं असेल ते सगळ्यांत शेवटी.

आता संग्रह कसा वापरावा याविषयी थोडं. पाठ मुद्दाम छोटे ठेवले आहेत, कारण दुःखात डोळ्यांसमोर अक्षरं ठरत नाहीत. शक्यतो दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचावं. दुखणेकरी झोपला तर पाठ पुरा करण्याचा आग्रह नको. पाठाखालची टिपणं वाचलीच पाहिजेत असं नाही. विशेषतः पहिल्या आठवड्यात ती वगळलेली बरी. विलापाचे पाठ आधी, सांत्वनाचे मध्ये आणि स्तुतीचे शेवटी असा क्रम लावला असला तरी तो बंधनकारक नाही. कुणाला महिनाभर एकाच स्तोत्रावर थांबावंसं वाटलं तर थांबू द्यावं. लहान मुलं घरात असतील तर त्यांना बाहेर पाठवू नये, त्यांनाही प्रश्न असतात.

आणि ज्याला प्रार्थनाच करता येत नाही त्याचं काय, हे पुष्कळांनी विचारलं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघांनी उचलून आणलं. दारात गर्दी होती म्हणून छप्पर उसकून त्याची बाज खाली सोडली. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असं मार्क नोंदवतो. बाजेवरचा माणूस स्वतः काही बोलल्याचं त्यात नाही. म्हणून घरच्यांनी आणि मंडळीने हे पाठ त्याच्याजवळ बसून त्याच्या वतीने वाचावेत, आमेनही आपणच म्हणावं, आणि तो त्यात सामील होत नाही म्हणून त्याला टोकू नये. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं असेल तर वार आणि वेळ त्याच दिवशी ठरवून, घरच्यांना सांगून निघावं.